बिराप्पाची चाल

मित्रांनो, मी आता म्हातारी झालेली एक घोडी आहे. माझे दात झिजले आहेत आणि कडबाही मला बारीक कुटून द्यावा लागतो. रंगानं तांबडी, म्हणून नावही तांबडीच. मी कधी टांगा ओढला नाही, की कुणाच्या वरातीत नाचले नाही. आटपाडीकडच्या एका धनगर घरातली मी ओझ्याची घोडी.

आमची घोड्यांची जात मुळात संशयी. गवतात काडी हलली तरी आम्हाला तिथं साप दिसतो. मागून पाऊल वाजलं की कान आपोआप तिकडे वळतात. पण माणसंही एकमेकांकडे असंच बघतात, एका चुलीवर जेवणारी माणसंसुद्धा, हे मला बिराप्पाच्या घरी आल्यावर कळलं. ती हकिगत तुम्हाला सांगते.

बिराप्पानं मला म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेत घेतलं. मी तेव्हा लहान होते आणि जवळ येईल त्याला चावत होते. गिऱ्हाइकं माझा जबडा उघडायला बघत आणि बोटं चोळत पुढं जात. बिराप्पानं जबड्याला हातच लावला नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि भुईमुगाच्या शेंगा फोडून खाऊ लागला. मधूनच एखादी माझ्या पुढ्यात टाकी. मी बराच वेळ त्याच्याकडे तिरकं बघत राहिले. शेवटी मीच मान लांब केली.

"ही यायला तयार हाय," तो माझ्या मालकाला म्हणाला, "आता तुमी सोडा."

आमचे लोक पावसाळाभर आटपाडीच्या माळावर राहत आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या मळ्यांकडे निघत. पाच-सहा बिऱ्हाडं मिळून चालत. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात, पण त्या वाड्याला भिंत नसते की दार नसतं. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी आमची मेंढरं शेतात बसवून घेत आणि त्याबदली धान्य देत. आमच्या वाड्याचा कारभारी होता आप्पासो. त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

बिराप्पाच्या बिऱ्हाडात त्याची आई हरणाबाई, बायको बनाबाई, लहानगी मुलगी मनू आणि धाकटा भाऊ गुंडा अशी माणसं होती. त्यांची भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायची जाळी आणि कोंबड्यांचं डालगं, सगळं माझ्या पाठीवर असे. वर नुकती जन्मलेली कोकरं, आणि कोकरांच्या मधोमध मनू.

बिराप्पाची चाल बघण्यासारखी होती. काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून, तिच्यावर हात लोंबते सोडून तो लांब ढांगा टाकत जाई. मागं मेंढरं पळत असत. वाटेत तो माझ्याशी वाटेल ते बोले. "तांबडे, त्या मळेवाल्याचं नाक बघितलंस का? म्हशीची झूल हुईल एवढा त्याला रुमाल लागत असंल." माझे कान हलले की मी हसले असं तो धरून चाले.

त्या घरात एका माणसाचं नाव मात्र कुणी घेत नसे. ते म्हणजे हरणाबाईचा नवरा मायाप्पा. तो दारू पिऊन ओढ्यात पडला आणि मेला, एवढंच वाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. घरातल्या वडीलधाऱ्या मेलेल्या माणसांचे चांदीचे टाक देवांबरोबर पुजले जात. मायाप्पाचा टाक हरणाबाईनं कधी करूच दिला नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही कसाबसा काढला. निम्मी मेंढरं गेली, तरी माणसं तगली. त्यानंतर दोन वर्षांनी, चांगल्या सपाट सडकेवर, बिराप्पा पहिल्यांदा अडखळला. "सडकेनंच पाय घातला मला," असं म्हणून तो हसला. आम्हीही ते विसरून गेलो.

मग माझ्या ओझ्याची गाठ त्याला जमेना. ओझं घसरायचं आणि भांडी रस्त्यावर गडगडत जायची. जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखं त्याचं बोलणं जड झालं. नांगरटीतून चालावं तसा तो पाय फाकून चालू लागला, आणि पायाखाली तर डांबरी सडक असायची. गावातून जाताना पारावरची माणसं एकमेकांना खुणा करत. "सकाळ सकाळी झोकलीय गड्यानं!" असं मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत.

मित्रांनो, मला वास नीट कळतो. बिराप्पाच्या तोंडाला कांद्याचा वास येई, तंबाखूचा येई. दारूचा वास मला एकदाही आला नाही. पण घोडीची साक्ष कोण काढतो?

हरणाबाईनं तर मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ती त्याची वळकटी उलगडून बघे, घोंगडीच्या घड्या चाचपी, माझ्या पाठीवरच्या गोणीत हात घालून काही लपवलंय का ते शोधी. एके दिवशी सगळ्यांदेखत ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघड."

एवढा मोठा बाप्या, त्यानं लहान लेकरासारखं तोंड उघडलं. तिनं जवळ जाऊन वास घेतला. तिला दारूचा वास लागला नाही, तरी तिचा चेहरा निवळला नाही.

"आये, सिद्धनाथाची आन," बिराप्पा म्हणाला, "थेंब न्हाई घेतला."

"तुझ्या बापानंबी हीच आन घेतली हुती," ती म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

पुढं सांगलीजवळ तळ पडला होता. हळद काढायचे दिवस होते. एका दुपारी बिराप्पाच्या राखणीतली मेंढरं उसाच्या कोवळ्या लावणीत शिरली. तो हाकलायला पळाला आणि बांधावरून तोंडघशी पडला. उठेपर्यंत मेंढरांनी बरंच खाल्लं होतं. शेतकरी माणसं घेऊन आला. आप्पासोनं हात जोडले म्हणून ते तेवढ्यावर मिटलं.

दिवस मावळताना आप्पासो बिराप्पाजवळ आला. "आजपास्नं तुझी मेंढरं गुंडा राखंल."

"आप्पासो, मी पेत न्हाई."

"पेतूस असं मी कुटं म्हनलं? पाय सांगत्यात ते."

त्या दिवसापासून बनाबाईच्या मनात दुसरंच काही शिरलं. ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायकांना हळू आवाजात म्हणे, "माझ्या धन्याला कुनीतरी कायतरी चारलंय. मेंढरं कुनाच्या हातात गेली ते बगा, म्हंजी कळंल."

तिनं चूल वेगळी मांडली. हरणाबाई आणि गुंडा एका चुलीवर, बिराप्पा, बनाबाई आणि मनू दुसरीवर. मला दोन्ही चुलींच्या मध्ये बांधलेलं असे. गुंडा मुळातच कमी बोलणारा. तो रोज संध्याकाळी भावासाठी शेळीचं दूध तांब्यात घालून आणून ठेवी. त्याची पाठ वळली की बनाबाई ते माझ्या खुरांशी ओतून टाकी. एकदा ते वाड्यातल्या कुत्र्यानं चाटलं. बनाबाई त्या कुत्र्याकडे टक लावून बसली. कुत्रं शेपूट हलवत हिंडत राहिलं, तरी दुसऱ्या दिवशीही दूध जमिनीवरच गेलं.

खरं सांगायचं तर गुंडाचं वागणंही सरळ वाटत नव्हतं. बिराप्पा कुठं निघाला की मेंढरं दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली सोडून गुंडा मागून यायचा. जवळ यायचा नाही, हाक मारायचा नाही. बिराप्पा वळला की हा बाभळीआड व्हायचा. एकदा माझी नजर आणि त्याची नजर मिळाली, तर त्यानं खाली बघितलं. लपतछपत मागं येणाऱ्याचा हेतू चांगला नसतो, हे आम्हा घोड्यांना जन्मापासून ठाऊक असतं. म्हणून गुंडा जवळ आला की मी कान पाडायचे.

एका संध्याकाळी बिराप्पा मला पाण्यावर घेऊन गेला. तो मला नेत होता, की माझ्या आयाळीला धरून स्वतः चालत होता, हे तेव्हा सांगणं अवघड होतं. कृष्णेचा उतार तिथं जरा जास्तच होता. मी पाण्यात तोंड घातलं. पाणी थंडगार होतं आणि मला तहान लागली होती. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला आणि पाणी अंगावर उडालं.

मी मान वर केली तेव्हा बिराप्पा पाण्यात पालथा होता आणि गुंडाचे दोन्ही हात त्याच्या मानेवर होते.

त्याच वेळी घागर घेऊन बनाबाई उतारावर आली. तिला तेवढंच दिसलं. तिच्या हातातली घागर सुटली.

"ढकललं! माझ्या धन्याला ढकललं ह्यानं!"

तिच्या ओरडण्यानं सगळा वाडा धावत आला. तोवर गुंडानं भावाला बंडीला धरून काठावर ओढलं होतं. बिराप्पा खोकत होता. सांगायला बघत होता, पण शब्द घशातच अडकत होते.

"दादाचा पाय घसरला," गुंडा म्हणाला. "म्या काढला त्याला."

"मग तू हितं कसा?" आप्पासोनं विचारलं. "तुझी मेंढरं तिकडं माळाला. भावाच्या मागं कशापायी आला हुतास?"

गुंडानं आईकडे बघितलं. हरणाबाई त्याच्याकडेच बघत होती. त्यानं ओठ मिटून घेतले. त्याच्या त्या गप्प राहण्यानं, ज्यांना संशय नव्हता त्यांनाही आला. मलासुद्धा.

आप्पासो म्हणाला, "उद्या बिराप्पाला सांगलीला दवाखान्यात न्यायचं. इख हाय का दारू हाय, ते डागदर सांगंल. मग बघू गुंडाचं."

आमच्यात बाप्ये कधी घोडीवर बसत नाहीत. घोडीवर कोकरं, लेकरं नाहीतर थकलेल्या म्हाताऱ्या. सकाळी बिराप्पाला माझ्या पाठीवर चढवलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्या मांड्यांना मला धरण्याचं बळ राहिलेलं नव्हतं. पोत्यासारखा तो एकदा इकडे कलायचा, एकदा तिकडे. बरोबर हरणाबाई, बनाबाई, मनू, गुंडा आणि आप्पासो चालत होते. सांगलीच्या पेठेत हळदीच्या धुरळ्यानं माझं नाक चुरचुरत होतं. मागून सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. कुणीतरी हसून म्हणालं, "नवरदेवाला घोडीवर बसवलंय, पन नवरदेव झिंगलाय!" बनाबाईनं पदर तोंडावर ओढला. हरणाबाई नुसती पुढं चालत राहिली.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली मला बांधलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बिराप्पाला आत नेऊन बराच वेळ तपासलं आणि मग बाहेर अंगणात आणलं. "इथून त्या भिंतीपर्यंत सरळ चालून दाखवा," ते म्हणाले. बिराप्पा चार पावलं गेला आणि कलला. त्याला डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. बोट गालावर गेलं. आम्ही सगळे बघत होतो. कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी त्याला बाकावर बसवलं. "यांच्या अंगात विष दिसत नाही," ते म्हणाले, "आणि हे दारूचंही नाही. हा मज्जातंतूंचा आजार आहे. पायांवरचा ताबा हळूहळू जात चालला आहे. काही घराण्यांमध्ये तो पिढ्यान् पिढ्या चालतो. तुमच्या घरात आधी कुणी असं चालत होतं का?"

गुंडा म्हणाला, "आमचा आबा."

"गप बस," हरणाबाई म्हणाली. "त्यो प्यायचा."

"न्हाई, आये." गुंडा पुढं सरला. "मी बारका हुतो तवा तू मला त्याच्या मागं धाडायचीस, कुटं पेतोय बघून ये म्हनून. म्या रोज जायचो. आबा कुटंच जायचा न्हाई. बांधावर बसून राहायचा. पेला न्हाई म्हनून तुला सांगितलं, तर खोटं बोलतोस म्हनून तू मला मारलंस. मग म्या सांगायचंच सोडलं."

गुंडानं बाकावरच्या बिराप्पाकडे बघितलं.

"दादाचं पाय तसंच पडाय लागलं, म्हनून त्याच्या मागं जात हुतो," तो म्हणाला. "आबा ओढ्यात पडला तवा मी लांब हुतो."

"आरं मग काल का न्हाई बोललास?" आप्पासोनं विचारलं.

"आयेसमूर कसं बोलू?"

बनाबाईनं गुंडाकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. त्या संध्याकाळी तळावर परतल्यावर तिनं गुंडाच्या हातातून दुधाचा तांब्या घेतला, त्याच्यासमोरच एक घोट स्वतः प्यायली आणि बाकीचं नवऱ्याला पाजलं.

पण ते नंतरचं. अंगणात हरणाबाई हळूच खाली बसली आणि तिनं डॉक्टरांना विचारलं, "मग माझा मालक कवाच प्याला नव्हता?"

"ते मी कसं सांगू, आजी? मी त्यांना पाहिलेलं नाही. पण या आजाराचा माणूस थेंबही न घेता असाच चालतो."

तिला हो किंवा नाही हवं होतं. डॉक्टरांकडे ते नव्हतं.

आजार थांबवणारं औषधही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू वाढत जाईल. चालणं जाईल, मग बोलणं. पण त्यांना सगळं समजतं. ते समोर असताना ते तिथं नसल्यासारखं बोलू नका. जेवण मऊ द्या, पाणी घोट घोट पाजा. घाई केली तर ठसका लागेल." बनाबाईनं मनूला जवळ ओढलं आणि नुसतंच डॉक्टरांकडे बघितलं. "मुलीलाही होईलच असं नाही," ते म्हणाले. "होणारच नाही, असं मात्र मला म्हणता येत नाही."

परतताना माझा दोर हरणाबाईनं घेतला. गाव मागं पडल्यावर ती थांबली. माझ्या पाठीवरच्या लेकाकडे न बघता बोलू लागली.

"ओढ्याच्या कडंला त्यानं मला हाक मारली हुती. हरणे, हात दे म्हनला. माझ्या डोक्यावर भारा हुता. म्हनलं, पेलायस, पड तितंच. आन् मी म्होरं गेले."

बिराप्पा जड जिभेनं म्हणाला, "आये... चल. ऊन... लय झालंय."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की सगळं कळल्यावर संशय गेला असेल. तसं झालं नाही. आता सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. बनाबाई मनूला अरुंद बांधावरून चालायला लावी आणि खालून श्वास रोखून बघे. गुंडाला मुलगी द्यायला आलेली माणसं त्याच्या तोंडाकडे कमी आणि पावलांकडे जास्त बघत. एकदा तर त्यानं रागानं पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि विहिरीपासून त्यांच्यापर्यंत थेंब न सांडता चालत आला. तरी त्या माणसांनी पुन्हा निरोप धाडला नाही.

हरणाबाई मात्र बदलली. आम्ही नव्या गावात शिरलो की माझा दोर धरून तीच पुढं होई आणि कुणी काही म्हणायच्या आत पारावरच्या माणसांना सांगे, "पेलेला न्हाई. नसांचा आजार हाय. इचारायचं ते मला इचारा." बिराप्पालाही हळूहळू माझ्या पाठीची सवय झाली. पोरं जमली की तो मोठ्या सरदारासारखा हात उंच करी आणि पोरं हसली की तोही हसे. ते हसणं त्याला चालत असे, कारण ते त्यानं स्वतः मागितलेलं असे.

मायाप्पाचा टाक हरणाबाईनं आटपाडीच्या सोनाराकडून करवून घेतला. तो देवात बसवताना त्याला दुधानं अंघोळ घालायचं काम तिनं बिराप्पाला दिलं. त्याचे हात थरथरत होते. दूध टाकावर कमी आणि जमिनीवर जास्त सांडलं. कुणी त्याचे हात धरले नाहीत. त्याचं होईपर्यंत सगळी बसून राहिली.

मग बोलणं गेलं. तो माझ्या मानेवर तळहात दाबी आणि कुठं वळायचं ते मला कळे. गुंडा त्याला जुन्या घोंगडीनं कमरेशी बांधी आणि माझ्याबरोबर चाले, आता अगदी लगत. बनाबाई दुधात भाकरी कुस्करून घासाघासानं भरवी. त्यात तिची संध्याकाळ जाई.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही माळावर परत आलो आणि त्याला ताप भरला. छातीत घरघर होती. एका सकाळी त्यानं डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली. गुंडानं त्याला उचलून माझ्याजवळ आणलं. त्याचा हात माझ्या मानेवर ठेवला. तो हात तापानं भाजत होता. दुपार व्हायच्या आत तो गेला. मी तीन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही असं लोक सांगतात. मला ते आठवत नाही. मला तो हात आठवतो.

दिवाळीनंतर निघायच्या आधी आम्ही आटपाडीच्या बाजाराला गेलो होतो. हरणाबाई, गुंडा, मनू आणि मी. बाजाराच्या तोंडाशी एक माणूस चालत होता. पाय फाकलेले, दर पावलाला तोल जातोय. भोवती लोक हसत होते. हरणाबाईनं माझा दोर मनूच्या हातात दिला, गर्दीतून वाट काढली आणि त्याचा दंड धरला.

"पाय कवापास्नं असं हाईत, बाबा?" तिनं हळुवारपणे विचारलं.

"सकाळपास्नं, म्हातारे!" तो ओरडला, आणि असा भपकारा आला की मी शिंकले. सगळा बाजार खदखदून हसला.

गुंडा शरमून पुढं झाला. "आये, सोड त्याला. पेलाय त्यो."

"कळतंय मला," हरणाबाई म्हणाली. "म्हनून काय पडू देऊ?"

तिनं त्याला माझ्या पाठीवर बसवायला लावलं. गुंडानं कुरकुरत एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या बाजूनं. त्या माणसाला स्वतःचं घर सापडेना, म्हणून आम्ही दोन गल्ल्या उगाच फिरलो. तो मोठमोठ्यानं बेसूर गात होता. एकदा माझ्या खांद्यावर ओकलासुद्धा. शेवटी एका दारातून त्याची बायको धावत आली. हरणाबाईनं त्याला तिच्या हवाली केलं, पदरानं माझा खांदा पुसला आणि तेल-मीठ घ्यायला परत बाजाराकडे वळली.

मायाप्पा पीत होता की नव्हता, हे आता कुणालाच कळायचं नाही. त्या दिवसानंतर हरणाबाईनंही कधी ते कुणाला विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर कुणाचे पाय लटपटताना दिसले, तर कारण मागाहून विचारा. आधी जवळ जा आणि धरा. मला ते कधीच जमलं नाही. मी फक्त बसायला पाठ दिली. तुम्हाला हात आहेत.